वर्ध्याचं घरोघरचं रजिस्टर

आरोग्य आणि डिजिटल तंत्रज्ञान यावर एक भाग कर, असं बरेच जण सांगत होते. एआय डॉक्टर, मनगटावरचा ईसीजी, ड्रोनने येणारी औषधं. त्या सगळ्यावर व्हिडिओ भरपूर आहेत, त्यात माझी एक भर कशाला? मी आज मागून सुरुवात करतोय. १९५१ साल, वर्धा जिल्हा, आणि गावोगाव फिरणारा एक कार्यकर्ता. त्याच्या हातात रजिस्टर आणि पेन, एवढंच.

आधी माझा संबंध सांगतो. माझं घर वर्ध्याचं. बी.टेक. झाल्यापासून सॉफ्टवेअर लिहितो, त्यातली बरीच वर्षं आरोग्याशी संबंधित सॉफ्टवेअर. म्हणजे पेशंटची नोंद कशी साठवायची, एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर त्या कशा ओळखायच्या, कुणाला काय दिसलं पाहिजे, असले प्रश्न. हे प्रश्न आपल्या पिढीचे आहेत असं आमच्या क्षेत्रात सगळ्यांना वाटतं. कुष्ठरोगाचा इतिहास वाचायला लागलो आणि कळलं की यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न माझ्याच जिल्ह्यात सत्तर वर्षांपूर्वी येऊन गेलाय.

माझी आजी अजूनही ‘महारोग’ म्हणते, आणि म्हणताना आवाज खाली करते. हा खाली आलेला आवाज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं लांब जाऊ. नॉर्वे, १८५६. त्या देशात तेव्हा कुष्ठरोग बराच होता, आणि तिथल्या सरकारने ठरवलं की प्रत्येक रुग्णाची नावानिशी नोंद ठेवायची. एखाद्या आजाराची देशभराची रुग्णनोंदणी जगात पहिल्यांदा झाली ती ही. आजची कॅन्सर रजिस्ट्री, कोविडचे डॅशबोर्ड, सगळ्यांची ही आजी म्हणा. तोवर मोठमोठे डॉक्टर समजत होते की हा रोग आनुवंशिक आहे. बर्गेन शहरातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरने १८७३ मध्ये याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हा रोग संसर्गाने पसरतो हे मांडताना नोंदणीतल्या आकड्यांचाही त्याला आधार मिळाला.

इथवर गोष्ट छान आहे. पण याच हॅन्सनने पुढे एका रुग्ण बाईच्या डोळ्यात तिला न विचारता दुसऱ्या रुग्णाचा संसर्गजन्य अंश टोचला. प्रयोग म्हणून. बाईची तक्रार कोर्टात गेली आणि १८८० मध्ये हॅन्सनला हॉस्पिटलातली नेमणूक गमवावी लागली. आणि १८८५ मध्ये नॉर्वेने कायदा केला की रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवता येईल. नावं-पत्ते तर सरकारकडे आधीपासून होतेच. रोग समजून घ्यायला लिहिलेली यादी माणसं बाजूला काढायला वापरता येते, हे तेव्हाच दिसलं.

आपल्याकडे इंग्रजांनी १८९८ मध्ये ‘लेपर्स ॲक्ट’ आणला. भीक मागणाऱ्या निराधार कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबायची सोय त्यात होती. हा कायदा संपूर्णपणे रद्द कधी झाला माहितीये? २०१६ मध्ये. मी तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात होतो.

आता वर्ध्यात येऊ. १९३६ हे वर्ष आपल्या जिल्ह्यासाठी मोठं. गांधीजी शेगावला राहायला आले, त्याच शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. त्याच वर्षी विनोबांच्या सहवासातल्या मनोहर दिवाणांनी शहरालगत दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींबरोबर होते, आणि आता अंगावर कुष्ठरोग. आश्रमातल्या काहींना धाकधूक होती. गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांची झोपडी उभारली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करत राहिले. त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

विदर्भात या कामाची एक परंपराच तयार झाली. अमरावतीला १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं. आपल्या हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांचं वरोऱ्याचं आनंदवन त्यानंतरचं. ही सगळी माणसं मोठीच. पण तंत्राच्या नजरेने पाहिलं तर या संस्थांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. रुग्ण तिथे येतो. आणि तो येतो कधी? घरच्यांनी काढून टाकल्यावर, बोटं झडल्यावर, लपवणं अशक्य झाल्यावर. म्हणजे आजार पाच-दहा वर्षं अंगात राहिल्यावर.

१९५१ मध्ये गांधी स्मारक निधीने गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू केलं, वर्ध्यातच. त्याची धुरा डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्याकडे आली. वारदेकर मूळचे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे स्लाइड आणि प्रयोगशाळेतला माणूस. त्यांनी प्रश्न उलटा केला. रुग्णाने आपल्याकडे यायची वाट का बघायची? त्याचा हात वाकडा व्हायच्या आधी आपणच त्याच्या दारात का जाऊ नये?

यातून जी पद्धत उभी राहिली तिला ‘सेट’ म्हणतात. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. ऐकायला अगदी सरकारी वाटतं, पण आत काय आहे ते बघा. एक ठरावीक भाग घ्यायचा. त्यातल्या प्रत्येक घराची यादी, घरातल्या प्रत्येक माणसाची यादी. मग प्रत्येकाची त्वचा तपासायची, फक्त तक्रार असलेल्याची नाही. फिकट किंवा लालसर डाग दिसला तर कापसाच्या बोळ्याने किंवा पेनाच्या टोकाने हळूच स्पर्श करायचा, डोळे मिटायला सांगून. कळलं का? कुठे लागलं, बोट ठेवून दाखव. डागावर स्पर्श कळत नसेल तर तो संशयित. एवढ्या साध्या गोष्टीवर निदान उभं होतं, आणि आजही बऱ्याच अंशी उभं आहे.

जे घरी भेटले नाहीत त्यांची वेगळी यादी, आणि त्यांच्यासाठी पुन्हा फेरी. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. कापूस वेचायच्या दिवसांत आपल्याकडे सकाळी आठनंतर गावात कोण सापडतं? म्हातारी आणि पोरं. मग कार्यकर्त्याने पहाटे नाहीतर दिवे लागल्यावर जायचं. अशा कामाची खरी कसोटी ‘किती रुग्ण सापडले’ यात नसते. यादीतल्या किती जणांना प्रत्यक्ष पाहिलं, यात असते. छेद आधी मोजायचा, मग अंश. सॉफ्टवेअरवाले हे रोज विसरतात. ॲपवर दहा हजार लोक आले म्हणून आम्ही खूश. जे आलेच नाहीत ते किती, हा तक्ता कुणी बनवत नाही.

उपचारही घरीच. डॅप्सोन नावाची गोळी तोवर आली होती, स्वस्त आणि तोंडाने घ्यायची. माणसाला गावातून हलवायची गरज उरली नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्याला शेत सोडावं लागलं नाही, आणि शेजाऱ्यांना चर्चेला विषयही कमी मिळाला. शिक्षणाचा भाग शाळांत, चावडीवर, सभांमध्ये चालायचा. हा रोग पापामुळे होत नाही, बरा होतो, बहुतेकांना तो होतच नाही, वगैरे.

१९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि वर्ध्याची ही पद्धत त्यात घेतली गेली. साधारण २० ते २५ हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ता, त्याच्याकडे त्याची गावं, त्याची रजिस्टरं. वर्ध्यात तयार झालेलं एक डिझाइन देशभर चाललं. इंटरनेट तर सोडाच, अर्ध्या गावांत तेव्हा वीज नव्हती.

डॅप्सोन एकटंच बरीच वर्षं चाललं, आणि एकट्या औषधाचं जे होतं ते झालं. मलेशियात १९६४ मध्ये त्याला दाद न देणारे जंतू सापडले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. आपण याला बहुविध औषधोपचार म्हणतो. देशात जे जिल्हे यासाठी सगळ्यात आधी निवडले गेले त्यात वर्धा होता. कारण सरळ आहे. रुग्णांची यादी जिथे तयार, तिथेच नवा उपचार पटकन सुरू करता येतो.

जाता जाता त्या गोळ्यांच्या पाकिटाबद्दल. २८ दिवसांचं एक पाकीट. महिन्याचा मोठा डोस वेगळा, तो आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा. बाकी रोजच्या गोळ्या ओळीने लावलेल्या. वाचता न येणाऱ्या माणसालाही आज गोळी घेतली की नाही ते रिकाम्या खळग्यावरून कळतं, आणि कर्मचाऱ्याला पाकीट बघून किती दिवस चुकले ते. ना चार्जिंग, ना पासवर्ड. हल्ली आम्ही औषधाची आठवण करून देणारी ॲप बनवतो, तेव्हा मला हे पाकीट आठवतं.

आता आकड्यांकडे येतो, कारण या गोष्टीतला सगळ्यात मोठा धडा आणि सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. १९९१ मध्ये जगाने ध्येय ठरवलं: दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. भारतात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रमाण ५०हून जास्त होतं. डिसेंबर २००५ मध्ये ते एकाच्या खाली आलं. यात खरं यश आहे, आणि मोठं आहे. लाखो लोक बरे झाले, हातपाय वाचले. त्याला कमी लेखायचा माझा हेतू नाही.

पण हे प्रमाण मोजतात कसं ते बघा. एका ठरावीक दिवशी रजिस्टरवर ‘उपचार चालू’ असलेली नावं. डॅप्सोनच्या काळात एक नाव वर्षानुवर्षं तिथे असायचं. नवी औषधं आली, जास्त जंतू असलेल्या रुग्णाचा कोर्स २४ महिन्यांचा झाला. १९९८च्या सुमारास तो १२ महिन्यांवर आला. म्हणजे तेवढेच नवे रुग्ण येत राहिले तरी रजिस्टरवरची अशी नावं निम्मी होणार! गावात काही बदललं नाही, व्याख्या बदलली. डेटाबेसमध्ये आम्ही ज्याला स्टेटस म्हणतो, त्याचा हा खेळ. शिवाय या रोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. आजचा नवा रुग्ण हा कित्येक वर्षांपूर्वीच्या संसर्गाची बातमी असतो.

आकडा एकाखाली आला आणि ‘कुष्ठरोग संपला’ असं वातावरण झालं. स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळली गेली. घरोघरचं फिरणं ओसरलं. रुग्णाने पुन्हा स्वतःहून यायचं. वारदेकरांनी जो प्रश्न उलटा केला होता, तो पुन्हा सुलटा झाला, म्हणजे चुकीच्या बाजूने. पुढे २०१६ मध्ये केंद्राने कुष्ठरुग्ण शोध मोहीम काढली, आशाताई पुन्हा दारोदार गेल्या, आणि त्या एका फेरीत देशात ३० हजारांहून जास्त रुग्ण सापडले. हे लोक आधीपासून होतेच, कुणी पाहिलं नव्हतं. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात, वर्षाला एक लाखाच्या वर.

या पार्श्वभूमीवर डिजिटल गोष्टी बघूया. ३० जानेवारी २०२३ला, कुष्ठरोग निवारण दिनी, केंद्र सरकारने ‘निकुष्ठ २.०’ पोर्टल सुरू केलं. इथे रुग्णागणिक नोंद होते. हा बदल मला मनापासून आवडतो. नुसती बेरीज वर पाठवली की माणूस त्यात हरवतो. नावागणिक नोंद असली की उसाच्या तोडणीला नाहीतर वीटभट्टीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या रुग्णाचा कोर्स अर्धवट राहिला, हे कुणाच्या तरी स्क्रीनवर दिसू शकतं. कागदी रजिस्टर गावाची सीमा ओलांडू शकत नव्हतं.

हॉस्पिटलातली संगणकीकरणाची गोष्ट वेगळी. आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सीडॅकची माहिती प्रणाली या शतकाच्या पहिल्या दशकातच आली. ग्रामीण भागातल्या रुग्णालयासाठी हे फार लवकर. रिपोर्ट हरवत नाहीत, जुना इतिहास सापडतो. पण तो संगणक ज्याला पाहतो तो माणूस आधीच बस पकडून सेवाग्रामला पोचलेला असतो.

आणि एआय? ब्राझीलमध्ये एक अभ्यास झाला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेवरच्या डागांचे फोटो आणि रुग्णाची माहिती यावरून कुष्ठरोग ओळखणारं मॉडेल. दोनशेच्या आसपास रुग्ण, अचूकता ९० टक्क्यांच्या घरात. बातम्यांमध्ये फोटोचीच चर्चा झाली. पण मॉडेलला सगळ्यात उपयोगी पडलेल्या गोष्टींत गरम-थंड न कळणं हे लक्षण वरच्या क्रमांकावर होतं. ते फोटोत येत नाही. कुणीतरी शेजारी बसून, स्पर्श करून, विचारून ते भरावं लागतं. म्हणजे पेनाचं टोक आणि ‘डोळे मीट’ हे मॉडेलच्या आत शिरून बसलंय. शिवाय तिथल्या त्वचेवर शिकलेलं मॉडेल समुद्रपूर किंवा आर्वीच्या शेतमजुराच्या रापलेल्या पाठीवर तसंच चालेल, हे इथे तपासल्याशिवाय मी तरी मानणार नाही.

आशाताईला असं ॲप दिलं तर तिला मदत होईल, नक्की होईल. संशयित डागाचा फोटो तालुक्याच्या डॉक्टरला लगेच दाखवता आला तर रुग्णाची एक मजुरी वाचते. पण ॲप आलं म्हणून तिच्या फेऱ्या कमी करायचा विचार कुणाच्या डोक्यात आला, तर २००५ नंतर काय झालं ते आठवा.

आता आजीचा तो खाली आलेला आवाज. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. ते काढलं गेलं २०१९ मध्ये. म्हणजे आजार बरा होऊ लागल्यावर कित्येक दशकं एखाद्या बाईचं रजिस्टरमधलं नाव तिच्या विरोधात कोर्टात जाऊ शकत होतं. कायदा गेला, सासर तिथेच आहे.

२०१८पासून कार्यक्रमात आणखी एक गोष्ट आली. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एकच प्रतिबंधक डोस द्यायचा. बांगलादेशातल्या मोठ्या अभ्यासात यामुळे पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी झाले होते. उत्तम उपाय. पण विचार करा, एका बोळातल्या वीस लोकांना गोळी द्यायची आणि कोणामुळे ते सांगायचं नाही, हे गावात कसं जमणार? म्हणून आधी रुग्णाची परवानगी घ्यायची असा नियम आहे. ही परवानगी आशाताई अंगणात बसून, चहा घेत, दोन-तीन फेऱ्यांत मिळवते. त्यासाठी माझ्याकडे कुठलाही फॉर्म नाही.

आमच्याकडे परवानगी म्हणजे ओटीपी. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं, प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक, आणि नोंद दुसऱ्याला दाखवायची तर तुमची संमती. कागदावर व्यवस्था चांगली आहे. पण खेड्यातल्या घरात मोबाइल एक असतो आणि तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. सुनेच्या पाठीवरचा डाग तिने फक्त आशाताईला दाखवलाय. ओटीपी मात्र नवऱ्याला येणार. संगणकाच्या दृष्टीने संमती मिळाली, नोंद पक्की. अशा ठिकाणी मी काम करताना एकच मागणी लावून धरतो: संमतीचा दुसरा मार्ग ठेवा, जो फोनवरून जात नाही. बैठकीत दरवेळी उत्तर येतं की असे लोक थोडे आहेत. थोडे आहेत हे कुठल्या यादीवरून मोजलं, असं मी विचारतो.

शेवटी कामाचं. अंगावर फिकट किंवा लालसर डाग असेल, खाजत नसेल, दुखत नसेल, आणि डोळे मिटून त्यावर कापूस फिरवल्यावर कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, नाहीतर आशाताईला सांगा. औषध फुकट मिळतं, कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा. पहिल्या डोसनंतर काही दिवसांतच माणसाकडून दुसऱ्याला संसर्ग व्हायचा थांबतो. घरात कुणाची पाठ बघायला कुणी नसेल तर तुम्हीच बघा, पाठीवरचा डाग स्वतःला दिसत नाही.